दोघांसाठी घरी मासे करताय? या चुका टाळा

लग्नानंतरच्या पहिल्याच फेब्रुवारीत मी नवऱ्यासाठी बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट, दाटसर कालवण, केलं. मी मालवणची, तो लातूरचा. तिरफळं, म्हणजे जीभ बधिर करणारा अख्खा मसाला, गावाहून आलेली, बांगडे सकाळचे, चव अगदी आईच्या हातची उतरली होती. त्याने दुसऱ्याच घासाला आख्खं तिरफळ चावलं, पुढच्या घासाला काटा लागला, आणि नंतरचा अर्धा तास तो मान खाली घालून बोटांनी काटे शोधत राहिला. मी समोर बसून बोलत होते, पण त्याचं लक्षच नव्हतं. घशात काटा जाईल ही भीती असली की माणसाला गप्पा सुचत नाहीत.

तिखलं चांगलं झालं होतं, बेत चुकला होता. त्यानंतर मैत्रिणींचे, मावस-चुलत भावंडांचे कितीतरी फोन आले. तुकडी तव्याला चिकटली, कोळंबी रबरासारखी झाली, सोलकढी फाटली. मसाल्याने बिघडलेलं जेवण त्यात फार थोडं होतं. बहुतेक ठिकाणी गडबड वेळेची होती. मटण गॅसवर तासभर थांबतं, उलट मुरतं. तळलेली तुकडी दहा मिनिटंही थांबत नाही. आई अजूनही म्हणते, ‘माशाक वाट बघूक लावू नको.’ दोघांच्या जेवणाला हे वाक्य चौघांच्या जेवणापेक्षा जास्त लागू आहे, कारण वाढणारी आणि जेवणारी व्यक्ती एकच असते.

समोरच्याला न विचारता मासा ठरवणं

सरप्राइज द्यायचं म्हणून आपण काही विचारत नाही, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या (शिंपल्या) यांची अ‍ॅलर्जी असलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. काहींना पोटात फक्त मळमळतं, काहींचा घसा आणि ओठ सुजतात, श्वास घ्यायला त्रास होतो. अशा माणसासाठी ‘थोडंसंच खाऊन बघ’ हे चालत नाही. ज्या तेलात कोळंबी परतली त्याच तेलात त्याची तुकडी तळणंही चालत नाही. बाकी सगळं गुपित ठेवा, एवढं मात्र आधी विचारा. आणि हो, वारही बघा. तुमचा बेत सोमवारी आणि समोरच्याचा सोमवार, असं झालं की पापलेट फ्रीजमध्ये आणि जेवायला वरणभात.

मग काट्यांचा प्रश्न. समोरची व्यक्ती किनाऱ्यावर वाढलेली नसेल तर भिंग, पाला, मुडदुसे यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांची चव कितीही मोठी असली तरी काटे काढायचा हात लहानपणापासून बसावा लागतो. सुरमईची तुकडी सगळ्यात सोपी: मधे एक जाड काटा, बाकी मांस सलग सुटतं. पापलेटही सोपं. 2023 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, तरी बाजारात तळहाताएवढी पिल्लं अजून दिसतात. स्वस्त मिळतात म्हणून ती घेऊ नका. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात, आणि तव्यावर ती चटकन कोरडी पडतात.

बाजारात घाई, किंवा नको तेव्हा बाजार

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात बाहेर कोसळतंय आणि घरात गरम गरम सुरमई, हे कल्पनेत छान वाटतं, पण त्या दिवसांत मिळणारी सुरमई बहुधा बर्फातली असते. तेव्हा कोळंबी किंवा खाडीची मासळी बघा. नारळी पौर्णिमेनंतर चित्र बदलतं, आणि हिवाळाभर निवडीला वाव असतो.

मावशीच्या टोपलीसमोर उभं राहिलात की कल्ला उचलून बघा. लालभडक आणि ओलसर हवा, तपकिरी किंवा चिकट नको. डोळा भरलेला, चमकदार हवा. अंगठ्याने पाठीवर दाबा, खळगा तसाच राहिला तर पुढच्या टोपलीकडे जा. सुरमईच्या कापलेल्या तुकड्या घेताना कल्ला बघायला मिळत नाही, म्हणून शक्यतो अख्खा मासा बघून समोर कापून घ्या. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं आणि सैल असेल तर नको. तिसऱ्या घेत असाल तर मिटलेल्या घ्या. उघडी तिसरी टिचकी मारल्यावर मिटली तर जिवंत आहे, नाही तर टाकून द्यायची.

यातली एक चूक जरा सविस्तर सांगते. सकाळी ऑफिसला जाताना मासे घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत पिशवीत टेबलाखाली ठेवायचे, हे मी होताना पाहिलं आहे. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या माशांमध्ये उष्णतेत हिस्टामाइन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. ते शिजवून, तळून नष्ट होत नाही, आणि वासावरून नेहमी कळतही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. सकाळचाच बाजार सोयीचा असेल तर मासे घरी नेऊन, साफ करून, कोरडे पुसून फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा. ते जमणार नसेल तर संध्याकाळच्या बाजारातून घ्या. परदेशातल्या आपल्या मंडळींना गोठवलेली सुरमई ‘किंगफिश’ नावाने मिळते. ती आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीवर चाळण ठेवून त्यात वितळू द्या. गरम पाण्यात बुडवली की बाहेरचं मांस मऊ पडतं आणि आत बर्फ तसाच राहतो.

पाच पदार्थांचा घाट

माशाची आमटी, कोळंबीचं सुकं, तिसऱ्यांचे वडे, तळलेलं पापलेट, भाकऱ्या, सोलकढी. हे सगळं करायचं तर दोघांतला एक जण जेवण संपेपर्यंत ओट्यापाशीच राहील. माझा ठरलेला बेत असा: सुरमईच्या चार तुकड्या, पाव किलो कोळंबीचं सुकं, भात, सोलकढी, आणि चिरून ठेवलेला कांदा-लिंबू. सोलकढी दोन तास आधी तयार. सुक्याचा कांदा-मसाला आधी परतून तयार, फक्त कोळंबी घालायची राहिलेली. भात झाकलेला. उरतं काय, तर शेवटची पंधरा मिनिटं. त्या वेळी समोरच्या माणसाला स्वयंपाकघरातच बोलवा, हातात सोलकढीचा ग्लास द्या आणि गप्पा तिथेच सुरू होऊ द्या.

मुरवण्याचा अतिरेक

‘रात्रभर मुरत ठेवलं होतं, तरी भुगा झाला.’ तरी नव्हे, त्यामुळेच झाला. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लिंबू, चिंच ही आंबट मंडळी माशाचं मांस न शिजवताच घट्ट आणि पांढरट करतात, आणि जास्त वेळ राहिली की ते ठिसूळ होतं. चिकनचा हिशेब माशाला लावू नका. मीठ, हळद आणि चमचाभर आगळ लावून पंधरा-वीस मिनिटं पुरेशी आहेत. आगळात मीठ असतं, म्हणून वेगळं मीठ हात आखडूनच घाला. या वेळात ताटलीत पाणी सुटतं. ते ओतून टाका, तुकड्या पुसा, आणि मगच लसूण-मिरचीचं घट्ट वाटण चोळा. हे पाणी तसंच ठेवलं तर रवा ओला होतो, आणि तव्यावर तुकडी एकीकडे, आवरण दुसरीकडे.

तव्यासमोरची अधीरता

आता खरी जागा. दोन वाट्या रव्याला अर्धी वाटी तांदळाचं पीठ, चिमूट मीठ, थोडी तिखट पूड. तुकडी यात घोळवायची ती तव्यात सोडायच्या क्षणी, आधी घोळवून रांग लावून ठेवायची नाही. बिडाचा तवा असेल तर तो आधी चांगला तापू द्या, मग तेल घाला आणि तेलही तापू द्या. रव्याचे चार दाणे टाका. लगेच बुडबुडे येऊन नाचले तर तेल तयार आहे, तळाशी बसून राहिले तर थांबा.

तुकडी आपल्यापासून लांबच्या बाजूला हलकेच आडवी सोडा. पहिला आवाज मोठा येतो, चर्र असा. तो पाण्याचा आवाज असतो. मिनिटभराने तो बारीक होत जातो. याच वेळी हात शिवशिवतो, उलथणं खाली घालून बघावंसं वाटतं, आणि चूक होते ती इथेच. मासा सुरुवातीला गरम धातूला धरतोच. कुरकुरीत थर तयार झाला की तो आपणहून सोडतो. बोटाच्या पेराएवढ्या जाड तुकडीला मध्यम आचेवर एका बाजूने तीन ते चार मिनिटं लागतात. तुकडीच्या कडेकडे बघत राहा. काचेसारखं दिसणारं कच्चं मांस खालून वर पांढरं होत जातं. पांढरा रंग निम्म्यापर्यंत चढला की उलथणं एका कडेला हळूच घाला. सरकलं तर उलटा, अडकलं तर अजून अर्धं मिनिट द्या. एकदाच उलटायची.

चार तुकड्या एकदम छोट्या तव्यात कोंबल्या की तेल थंड पडतं आणि तळण्याऐवजी वाफवणं होतं. दोन-दोन करा. शिजली का कळत नसेल तर मधल्या काट्यापाशी सुरीचं टोक घालून बघा: मांस काट्यापासून सुटायला हवं, गुलाबी चकाकी नको. घरी थर्मामीटर असेल तर आत 63 अंश सेल्सिअस हवं. काढलेली तुकडी झाकून ठेवू नका. झाकणाखाली वाफ धरली की रवा दोन मिनिटांत मऊ पडतो. जाळीवर ठेवा, किंवा सरळ ताटात वाढा.

कोळंबी फार वेळ शिजवणं

कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढायचा आळस करू नका, दाताखाली येते ती कचकच त्याचीच. आणि ती मसाल्यात सुरुवातीपासून उकळत ठेवू नका. मध्यम आकाराच्या कोळंबीला तीन-चार मिनिटं खूप झाली. अर्धगोल वळली, गुलाबी-पांढरी झाली की गॅस बंद. आवळून वेटोळं झालं म्हणजे वेळ उलटून गेली. सुक्याला पाणी सुटलं तर कोळंबी बाहेर काढून मसाला मोठ्या आचेवर आटवा, मग कोळंबी परत घाला. कोळंबीसकट आटवायला गेलात की रबर ठरलेलं.

सोलकढी

सोलकढी गरम करायची नाही, एवढं पाळलंत तरी पुष्कळ. नारळाचं दूध आणि आंबट एकत्र तापलं की फाटतं. फ्रीजमधून काढल्यावर वर पांढरा थर दिसला तर ती बिघडलेली नाही, नारळाची स्निग्धता थंडीने गोठलेली आहे. दहा मिनिटं बाहेर ठेवून ढवळा. चव मात्र आगळ घातल्यावर बघा, मीठ त्यानंतर.

तरी बिघडलंच तर

तुकडी तव्यातच मोडली? काटे काढा, मासा चुरा, त्याच तेलात दोन लसणी ठेचून घाला, मासा परता, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. भाताबरोबर इतकं छान लागतं की मी कधी कधी मुद्दाम करते. बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहिली? आच मंद करून झाकण न ठेवता अजून दोन-तीन मिनिटं द्या, गरज पडली तर पुन्हा उलटा. कोळंबी कडक झालीच, तर ती मऊ होत नाही. बारीक चिरून भातात मिसळा, वर नारळाचं थोडं घट्ट दूध फिरवा. सुकं खारट झालं तर त्यात खोबरं वाढवा, बटाट्याच्या फोडी टाकून मीठ शोषलं जाईल याची वाट बघत बसू नका.

वासाचं काय

छोट्या फ्लॅटमध्ये याची काळजी सगळ्यांनाच असते. खिडकी तळण सुरू करण्यापूर्वी उघडा, नंतर नव्हे. कल्ले, साली, डोकी यांची पिशवी घट्ट बांधून पाहुणा यायच्या आधी खाली टाकून या. हातांना आधी गार पाणी, मग लिंबाची पिळलेली फोड आणि मीठ चोळा, शेवटी साबण. माशाचा वास ज्या द्रव्यांनी येतो ती आंबटाने निष्प्रभ होतात, म्हणून लिंबू. सुगंधी मेणबत्त्या मात्र जेवणाच्या टेबलावर नकोत. मोगऱ्याचा वास आणि तळलेल्या सुरमईचा वास एकत्र आले की दोन्ही वाया जातात. साधी पणती लावा.

आमच्याकडे आता ओट्याजवळ एक स्टूल कायमचं ठेवलेलं असतं. मी तुकडी सोडते, तो तिथे बसून कडेचा पांढरा रंग चढताना बघतो आणि ‘आता’ म्हणतो. सुरमईचा काटा तो माझ्याआधी काढतो. मागच्या महिन्यात त्याने स्वतःहून विचारलं, बांगड्याचं तिखलं परत कधी करणार.