काउंटर-स्ट्राइकचा व्यावसायिक सामना कसा पाहावा

काउंटर-स्ट्राइक २ या संगणकावरील नेमबाजीच्या खेळाचा मोठा सामना पाहायला बसलेल्या नव्या प्रेक्षकाची नजर साहजिकच नेमबाजीवर खिळते. परंतु या पातळीवर नेम सगळ्यांचाच धारदार असतो. सामना फिरतो तो पैशांवर, धुरावर आणि घड्याळावर. नियम थोडक्यात असे, की पाच-पाच खेळाडूंच्या दोन संघांपैकी एक बॉम्ब लावू पाहतो आणि दुसरा ती जागा राखतो, १२ राऊंडनंतर बाजू बदलतात आणि आधी १३ राऊंड जिंकणाऱ्या संघाला तो मॅप, म्हणजे खेळातले ते मैदान, मिळतो.

पहिली सवय लावून घ्यावी ती राऊंडच्या आधी चाललेली खरेदी न चुकता पाहण्याची. दोन्ही अर्धांतील पहिला राऊंड प्रत्येकी खेळातल्या ८०० डॉलरवर, म्हणजे पिस्तुलांवर खेळला जातो. पुढे एके-४७ ला २७०० आणि हेल्मेटसह चिलखताला १००० लागतात. त्यावर स्मोक (धूर पसरवणारा), फ्लॅश (डोळे दिपवणारा) आणि मोलोटोव्ह (आग लावणारा) हे फेकायचे गोळे घेतले की एका खेळाडूचा खर्च साडेचार हजारांच्या पुढे जातो. प्रतिस्पर्ध्यांना संपवून राऊंड जिंकल्यास प्रत्येकाला ३२५० मिळतात, तर सलग हरत गेलेल्या संघातील प्रत्येकाची रक्कम वाढत वाढत ३४०० पर्यंत पोहोचते. हा हिशेब एकदा डोक्यात बसला, की एखादा संघ एका राऊंडमध्ये जवळजवळ काहीच का विकत घेत नाही, ते आपोआप उलगडते: पुढच्या राऊंडला पाचही जणांच्या हातात रायफल यावी, म्हणून तो हा राऊंड सोडून देत असतो. तसेच, समोर चार जण उभे असताना चाल करून न जाता कोपऱ्यात दडून राहिलेला खेळाडू भित्रा नसतो. त्याच्या हातात ४७५० डॉलरची एडब्ल्यूपी ही दुर्बिणीची रायफल असते आणि ती वाचवणे हेच त्या क्षणी त्याचे काम असते.

दुसरी गोष्ट धुराची. इन्फर्नो या मॅपवर बी साइटकडे, म्हणजे बॉम्ब लावायच्या एका जागेकडे, जाणाऱ्या वाकड्या वाटेला सगळे ‘बनाना’ म्हणतात. राऊंड सुरू होताच या वाटेच्या ताब्यासाठी दोन्हीकडून मोलोटोव्ह, स्मोक आणि फ्लॅश पडू लागतात, आणि बऱ्याचदा कोणीही न मरता ही झटापट शमते. इथेच लक्ष द्यावे. पडद्याच्या कडेला खेळाडूंच्या नावांपाशी कोणाकडे काय शिल्लक आहे ते दिसते. बचाव करणाऱ्यांचा सगळा साठा बनानावर खर्ची पडला असेल, तर शेवटच्या वीस-तीस सेकंदांत होणारा हल्ला रोखायला त्यांच्याकडे फक्त बंदुका उरतात. बॉम्ब लागल्यानंतर मात्र घड्याळ पाहावे: तो ४० सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला १० सेकंद लागतात, पण बॉम्ब निकामी करण्याचे ४०० डॉलरचे किट जवळ असेल तर ५. कितीतरी राऊंड या पाच सेकंदांच्या फरकावर ठरतात.

मॅपची निवडही सामन्याआधी पाहून ठेवावी. मार्च २०२४ मध्ये कोपनहेगनला झालेल्या, काउंटर-स्ट्राइक २ च्या पहिल्या मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नावी संघाने एन्शंट हा मॅप जिंकला, मिराजवर फेझ संघाने त्यांचा १३-२ असा धुव्वा उडवला, आणि त्यानंतर लगेच इन्फर्नोवर त्याच नावीने १३-३ ने विजेतेपद नेले. मॅप बदलला की तेच दहा खेळाडू किती वेगळे दिसतात, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्या सामन्यात फेझचा कर्णधार कॅरिगन होता. कर्णधाराच्या नावापुढे बळींचा आकडा लहान दिसला म्हणून त्याला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते. पाच जणांच्या चालीचा विचार करत, अनेकदा स्वतः सर्वांत आधी दारातून आत शिरून मागच्यांसाठी जागा मोकळी करणे हे आकडेवारीत उतरत नाही. आघाडीच्या नेमबाजाइतकेच त्याच्याकडेही पाहावे.

ज्यांना पाहून स्वतःचा खेळ सुधारायचा आहे, त्यांनी थेट प्रक्षेपणावर थांबू नये. सामन्याची डेमो फाइल, म्हणजे खेळातच पुन्हा पाहता येणारी नोंद, उतरवून घ्यावी, आपण ज्या जागा खेळतो त्याच जागा खेळणारा एक खेळाडू निवडावा आणि संपूर्ण मॅप त्याच्याच नजरेतून पाहावा. तो थांबला की डेमोही थांबवावा, आपण इथे काय केले असते ते वहीत लिहावे आणि मगच पुढे जावे. मी वहीत प्रत्येक राऊंडसाठी तीनच रकाने आखतो: त्याने काय विकत घेतले, पहिला स्मोक कुठे टाकला, आणि मरण्याआधी त्याच्या सर्वांत जवळ कोणता सहकारी होता. एका बैठकीत एकच मॅप पुरे. दुसऱ्या मॅपला हात थकतो आणि रकाने अंदाजाने भरले जाऊ लागतात.