कंबर लावणीने धरली की मणक्यात जंतू बसलाय? निदानातल्या या चुका टाळा

आषाढात लावणी जोरात आली की कोकणातल्या दवाखान्यांत कंबर धरलेल्यांची रीघ लागते. बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं असतं, आठ-पंधरा दिवसांत उतरतं. पण त्याच रांगेत अधूनमधून असा एखादा असतो, ज्याच्या मणक्यात आणि शेजारच्या गादीत (दोन मणक्यांमधली चकती, डिस्क) जंतूने ठाण मांडलेलं असतं. त्याचं निदान व्हायला आठवडे, टीबी असेल तर महिनेही जातात. याचं मोठं कारण तपासण्यांचा उलटा क्रम. आधी औषध सुरू होतं आणि गुण आला नाही की मग तपासणी आठवते.

‘ताप नाही ना, मग जंतू कसला?’

पू करणाऱ्या जंतूंच्या संसर्गातही जवळपास निम्म्या रुग्णांना ताप नसतो. टीबीत संध्याकाळी थोडी कणकण येते, ती अंगावर काढली जाते. पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणूनही निश्चिंत होऊ नये. त्यापेक्षा दुखण्याची चाल बघा. स्नायू धरला असेल तर आडवं पडल्यावर बरं वाटतं. संसर्गाचं दुखणं रात्री झोपेतून उठवतं आणि दिवसागणिक वाढत जातं. सदरा वर करून मणक्यांवर वरून खाली एकेक करत मुठीने हलकेच ठोका. एकाच जागी रुग्ण कळवळला तर ती जागा लिहून ठेवा. याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि तरी हे सगळ्यात कमी वेळा केलं जातं.

विचारायच्या गोष्टी: मधुमेह, डायलिसिस, अलीकडे लघवीची नळी घातली होती का, पायाला न भरणारी जखम आहे का, सलाइनची जागा पिकली होती का, घरात कुणाला टीबी झाला होता का, शेळ्या-गुरं आहेत का, दूध कच्चं पितात का. आणखी एक खूण फसवते. जांघेत दुखतं आणि पाय सरळ करता येत नाही, म्हणून खुब्याचे एक्स-रे काढले जातात. प्रत्यक्षात कमरेच्या मणक्यातला पू शेजारच्या स्नायूत उतरलेला असतो.

जंतू सापडण्याआधीच त्याला दाबणं

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाबरोबर डेक्सा या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की चार दिवस रुग्ण खूश. स्टेरॉइडने ताप आणि दुखणं झाकलं जातं, संसर्ग मात्र आत पसरत राहतो. लघवीला जळजळ म्हणून लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं, तर ते टीबीच्या जंतूवरही काम करतं. रुग्णाला अर्धवट बरं वाटतं आणि पुढे कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) काही उगवत नाही. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी म्हटलं की लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) धास्तीने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं जातं. ते योग्यच, लेप्टोचा संशय असेल तर ते थांबवू नये. फक्त पहिली गोळी पोटात जाण्याआधी कल्चरसाठी रक्त काढून ठेवा.

हे रक्त काढण्यातही गफलती होतात. एका बाटलीत दोन-तीन मिली रक्त टाकून ‘कल्चर पाठवलं’ म्हणण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसात दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच घ्यावेत. प्रत्येक संचात दोन बाटल्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त; म्हणजे एकूण सुमारे ४० मिली. कातडी स्वच्छ करून ती सुकू द्यावी, बाटलीचं रबरही स्पिरिटने पुसावं. भरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. साध्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर लॅबमध्ये पोचवाव्यात. देवगड किंवा गुहागरहून नमुना जायचा असेल तर गाडीची वेळ आधी बघावी आणि मग सुई लावावी.

रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा जंतू सापडला आणि एमआरआय जुळत असेल, तर मणक्याची बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) सहसा लागत नाही. पण मग हृदयाच्या झडपांवर संसर्ग आहे का, हे बघायला इको (हृदयाची सोनोग्राफी) करायलाच हवा. तो बरेचदा राहून जातो.

सीआरपीचा आकडा वाचताना

काही लॅब सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. सावंतवाडीच्या रिपोर्टवर ६ आणि कोल्हापूरच्या रिपोर्टवर ६० दिसले, तर तो एकच आकडा असू शकतो. एकक न बघता ‘दहापट वाढला’ म्हणून औषध बदललं जातं. ईएसआर ही तशीच दुसरी तपासणी. तो वयाने आणि रक्त कमी असल्यानेही वाढतो, त्यामुळे तो एकटा फार काही सांगत नाही. दोन्ही एकत्र बघावेत आणि पुढच्या वेळी त्याच लॅबमध्ये करावेत. टीबीत सीआरपी फारसा न वाढलेलाही असू शकतो.

एक्स-रे आणि एमआरआय

हाडातला चुना बराच कमी झाल्याशिवाय एक्स-रेवर काही दिसत नाही. पहिले दोन ते चार आठवडे तो स्वच्छ असू शकतो. संशय पक्का असेल तर एमआरआय करावा, जमल्यास गॅडोलिनियमचं (चित्र ठळक करणारं औषध) इंजेक्शन देऊन. त्याआधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघावं. पैसे वाचवायला फक्त कमरेचा एमआरआय काढतात आणि पाठीच्या वरच्या भागातली दुसरी जागा निसटते. मधले मणके सोडून टीबी दुसरीकडेही बसू शकतो, म्हणून संपूर्ण कण्याचा उभा छेद मागून घ्या. त्याला मशीनवर काही मिनिटंच जास्त लागतात.

पू करणारा जंतू गादी लवकर खातो. टीबीत गादी बराच काळ टिकते, पातळ भिंतीचं मोठं गळू होतं आणि पू अस्थिबंधाखालून शेजारच्या मणक्यांपर्यंत सरकतो. कर्करोगाची गाठ सहसा गादी ओलांडत नाही. उलट, गादी झिजल्यामुळे आजूबाजूचं हाड सुजलं तरी एमआरआयवर संसर्गासारखं दिसतं. सीआरपी नॉर्मल आणि गादीत पाण्याची चमक नसेल, तर घाईने अँटिबायोटिक नको.

यातून अंदाज येतो, जंतूचं नाव कळत नाही. ‘एमआरआयमध्ये टीबी आला’ एवढ्यावर वर्षभराची एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) सुरू करणं ही आपल्याकडची सगळ्यात महाग चूक. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी मणक्याचा टीबी असू शकतो. मांटू ही कातडीवरची टीबीची तपासणी पॉझिटिव्ह आली तर टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच कळतं. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. कुणी सुचवली तर नको म्हणा.

बायोप्सीचा तुकडा कशात टाकला?

सीटीच्या मदतीने सुई घालून मणक्यातला तुकडा काढला, आणि सवयीने सगळा फॉर्मॅलिनच्या डबीत टाकला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. कल्चर तिथेच संपलं. म्हणून टेबलवर आधीच डब्या मांडून नावं लिहावीत. एक फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीसाठी. बाकीच्या निर्जंतुक, आत थोडं सलाइन: एक साध्या कल्चरला, एक टीबीच्या सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि द्रव कल्चरला, गरज वाटल्यास एक बुरशीसाठी. पू असेल तर कापसाच्या बोळ्यावर न घेता सिरिंजमध्येच पाठवावा.

सीबीनॅटचं उत्तर यंत्रावर साधारण दोन तासांत येतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही कळतं, आणि सरकारी टीबी कार्यक्रमात ते मोफत आहे. पण मणक्यात टीबीचे जंतू मोजकेच असतात. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही, असं ठरत नाही. द्रव कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वाट बघावी लागते. रुग्ण स्थिर असेल तर बायोप्सीआधी एक-दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवलेलं बरं. पहिल्या बायोप्सीत काही मिळालं नाही तर दुसरी करावी. अंदाजाने औषध बदलत बसण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडतं.

किनाऱ्यावर लक्षात ठेवायचे दोन जंतू

मेलिओइडोसिस या आजाराचा जंतू, बर्खोल्डेरिया, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. भाताच्या खाचरात अनवाणी काम करणारा, मधुमेह असलेला शेतकरी हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. तो मणक्यातही बसतो, टीबीसारखा दिसतो आणि रुग्ण महिनोन् महिने एकेटी खात राहतो. लॅबमध्ये तो ‘स्यूडोमोनास’ हा दुसराच जंतू म्हणून निघून जातो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकांना दाद देत नाही, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला देतो, असा जंतू दिसला की लॅबला फोन करून बर्खोल्डेरिया तपासायला सांगा.

दुसरा ब्रुसेला. तो शेळ्या-गुरांकडून, कच्च्या दुधातून येतो आणि बहुधा कमरेचा खालचा भाग धरतो. हे दोन्ही जंतू लॅबमधल्या माणसांनाही लागू शकतात, म्हणून फॉर्मवर ‘पाठदुखी’ एवढंच न लिहिता शेती, गुरं, मधुमेह सगळं लिहावं.

थांबायचं नाही अशी वेळ

पायातली ताकद कमी होणं, बसायच्या जागेवर बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं यातलं काहीही दिसलं तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. पू मज्जारज्जूवर दाब देत असतो, त्याच दिवशी एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचायला हवं. बांबोळी (गोवा), कोल्हापूर, मुंबई, जे जवळ पडेल ते, पण आधी फोन करून सर्जन आहे का ते विचारा. रक्तदाब पडत असेल तर कल्चरचं रक्त घेऊन लगेच अँटिबायोटिक द्यावं. मणका दाबून घेणं, तेल चोळणं, हाड बसवून घेणं पूर्ण बंद.

उपचार सुरू झाल्यावर घाईने पुन्हा एमआरआय काढू नका. रुग्ण चालायला लागलेला असतो, सीआरपी उतरलेला असतो, आणि चित्र मात्र काही आठवडे आधीपेक्षा वाईट दिसतं. तेवढ्यावर चांगलं चाललेलं औषध बदललं जातं. चार आठवड्यांनी दुखणं आणि सीआरपी बघा. तेही उतरत नसतील, तरच पुन्हा फोटो आणि गरज पडल्यास पुन्हा सुई.