दात आंबलेले असताना ब्रश नको: कच्चं खाणाऱ्यांनो, या चुका टाळा

माझ्या थोरल्या नणंदेने चार वर्षांपूर्वी स्वतःपुरता गॅस पेटवणं बंद केलं. सकाळी लिंबूपाणी, मग फळं, दुपारी मोडाची मटकी, मूग, काकडी, गाजर, बीट, संध्याकाळी भिजवलेले बदाम आणि खजूर. वजन उतरलं, पोटाच्या तक्रारी गेल्या. तिला बरं वाटतं हे मी स्वतः पाहते. मागच्या डिसेंबरात मात्र ती बोरिवलीहून दादरला माझ्या दवाखान्यात आली ती गालाला हात लावूनच. "अगं, साखर सोडली, बिस्किटं सोडली, चहासुद्धा सोडला. दिवसातून तीनदा दात घासते. आणि आता पेरू चावला की कळ थेट डोक्यात जाते. असं कसं?"

खुर्चीत बसवून दिवा टाकला. कीड कुठेच नव्हती. दात इतके स्वच्छ की कुणालाही उदाहरण म्हणून दाखवावेत. पण खालच्या दाढेत वीसेक वर्षांपूर्वी भरलेली चांदी दाढेच्या वर उठून दिसत होती, ओहोटीच्या वेळी खडक उघडा पडावा तशी. चांदी जागेवरच असते; भोवतालचा दात झिजून खाली गेलेला असतो. वरच्या पटाशीच्या दातांच्या कडा पातळ, काचेसारख्या झाल्या होत्या. मागे आरसा धरला की त्याची सावली पुढून दिसे.

ही आम्लाने झालेली झीज. गेल्या काही वर्षांत अशी तोंडं माझ्याकडे वाढत्या संख्येने येतात, आणि बहुतेक माणसं प्रकृतीला जपणारी असतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कच्चं खाणं सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. दात बिघडतात ते खाण्याच्या वेळांनी, आणि चांगल्या म्हणून लावून घेतलेल्या दोन-तीन सवयींनी.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: दात आंबणे. लहानपणी कैरी नाहीतर चिंच खाऊन दात असे आंबायचे की रात्री पोळीसुद्धा चावायला नको वाटायची. कवचाचा, म्हणजे इनॅमलचा, वरचा थर आम्लाने मऊ पडल्याची ती खूण. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो, आणि पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. कोकम, चिंच, कैरी, आवळा लिंबाच्याच पंगतीतले; अननस, संत्रं त्यांच्या थोडं वर. हिरड्या उतरून ज्यांची मुळं उघडी पडली आहेत त्यांचं नुकसान तर ५.५ च्याही आधी सुरू होतं, कारण मुळांवर इनॅमल नसतं.

डागडुजी लाळ करते. ती आम्ल धुते, आणि तिच्यातलं कॅल्शियम व फॉस्फेट मऊ पडलेल्या थरात परत बसतं. याला अर्धा ते एक तास लागतो. तो मिळाला तर दात सावरतो. न मिळता थर घासला गेला तर गेला, कारण इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात आणि ते नव्याने उगवत नाही.

१९९९ साली जर्मनीतल्या दंतवैद्यांनी कच्च्या आहारावर राहणाऱ्या १३० जणांच्या दातांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी ६०.५ टक्के लोकांच्या निदान एका दाताची तीव्र झीज झालेली होती. नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांत हेच प्रमाण ३१.६ टक्के होतं. तिथे लिंबूवर्गीय फळं. आपल्याकडे त्यात कैरी, आवळा आणि कोकमाची भर पडते.

लिंबूपाण्याची बाटली

नणंदेला विचारलं, लिंबूपाणी कधी पितेस? "गाडीत." बोरिवलीला जागा मिळाली की बाटली उघडायची आणि चर्चगेटपर्यंत घोट घोट प्यायची. तासाभरात अर्ध्या लिंबाचं पाणी. तिच्या मते हा संयम होता. दातांसाठी तो पूर्ण तासाचा मार होता, कारण प्रत्येक घोटाला लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तेच पाणी घरी पाच मिनिटांत प्यायली असती तर पाऊण तासात दात सावरले असते. किती लिंबू यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ, हा हिशेब महत्त्वाचा. दिवसभर टेबलावर ठेवलेली काकडी-लिंबू-पुदिन्याची बाटली, व्हिनेगर घातलेलं पाणी, येता-जाता तोंडात टाकलेल्या आवळ्याच्या फोडी, गाडीत तिखटमीठ लावून मिळणारी कैरी, सगळ्यांना हाच नियम.

आंबट खायचं ते जेवणाच्या ताटाबरोबर, एका बैठकीत. वर साध्या पाण्याने दोनदा खळखळून चूळ. पाणी घरून नेलेल्या बाटलीत असावं, पण साधं. मे महिन्यात घाम गळून तोंड कोरडं पडतं तेव्हा लाळ आधीच कमी असते. अशा वेळी पहिला घोट पाण्याचा, मग फळ.

आणि रस तोंडात घोळवू नका. 'अन्न प्यावं, पाणी खावं' हे निसर्गोपचारात नेहमी ऐकू येतं, आणि चावून खाण्याबद्दल ते बरोबरच आहे. पण संत्र्याचा किंवा अननसाचा रस मिनिटभर तोंडात फिरवणं म्हणजे आम्ल दातांच्या प्रत्येक फटीत नेऊन पोचवणं. नळी वापरा, ती जिभेच्या मागच्या बाजूला येऊ द्या, आणि गिळा.

खाल्ल्या खाल्ल्या ब्रश

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती नेहमी शिस्तीचीच माणसं करतात. आंबट खाऊन दात बुळबुळीत किंवा खरखरीत लागतात, स्वच्छ करावेसे वाटतात, आणि लगेच ब्रश हातात येतो. त्या वेळी इनॅमलचा वरचा थर मऊ असतो आणि ब्रश तोच खरवडून नेतो. नणंद तीनदा घासायची ते तिन्ही वेळा फळांनंतर पाच मिनिटांत. तिच्या दातांवर, हिरडीच्या कडेला, बोटाचं नख अडकेल अशा आडव्या खाचा पडल्या होत्या. कडक ब्रशची त्यात भर.

क्रम उलटा करा. सकाळी उठल्यावर आधी ब्रश, मग लिंबूपाणी, मग फळं. फळांनंतर फक्त चूळ. हवं तर पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, आम्ल मारलं जातं. गिळू नका, रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच नको. दुसरा ब्रश रात्री, शेवटच्या खाण्यानंतर किमान तासाने. आठला फळं आटोपली तर साडेनऊला निवांत घासा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नको. उशाशी ठेवलेले दोन खजूरही नकोत. ब्रश मऊ केसांचा, पेनासारखा चिमटीत धरलेला, लहान गोल फिरवलेला. फेस थुंकून टाका आणि नंतर चुळा भरत बसू नका, पेस्टचा पातळ थर राहू दे.

दात आंबलेले वाटतात तोवर ब्रश उचलायचा नाही, एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं.

खजूर, मनुका आणि सफरचंदाचा गैरसमज

साखर सोडली म्हणजे कीड लागणार नाही असं अनेकांना वाटतं. खजुरात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखरच असते, आणि तो दाढेच्या खळग्यात चिकटून बसतो. मनुका, अंजीर, बिनभट्टीचे खजूर-लाडू, मध, सगळ्यांचं तेच. जंतूंना साखर कारखान्यातली की झाडावरची, हा फरक कळत नाही. फळाचा रस काढला की त्यातली साखरही मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मोकळ्या साखरेतच धरते. फळ अख्खं खा. खजूर चार वेळा एकेक खाण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदम खा.

सफरचंद किंवा गाजर चावल्याने दात घासले जातात, हेही खरं नाही. लाळ सुटते, तेवढा फायदा. हिरडीच्या कडेचा आणि दोन दातांमधला चिकट थर तसाच राहतो.

निसर्गाचं ते सगळं सौम्य, ही समजूत

आहार नैसर्गिक केला की माणसं पेस्टही टाकून देतात आणि राखुंडी, कोळशाची पूड, मीठ-लिंबू यांवर येतात. लिंबू आणि मीठ एकत्र म्हणजे मऊ करा आणि घासा. दोन दिवस दात पांढरे दिसतात, मग आतला पिवळा थर कायमचा वर येतो. मिश्री तर भाजलेला तंबाखू आहे. तिला तोंडात जागाच नको. कडुनिंबाची काडी मऊ चावून हलक्या हाताने फिरवायला हरकत नाही, पण पेस्टचं काम ती करत नाही. तेलाच्या गुळण्यांचंही तसंच.

फ्लोराइड म्हणजे पेस्टमधलं, दाताचं कवच बळकट करणारं खनिज. त्याची भीती घालणारे निरोप रोज फिरतात. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर डाग पडतात, हे खरं आहे. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या तलावांतलं, पावसाचं साठवलेलं. त्यातून दातांना फ्लोराइड फारसं मिळत नाही. १००० पीपीएमच्या (दहा लाखांत हजार भाग) आसपास फ्लोराइड असलेली पेस्ट, वाटाण्याएवढी, थुंकून टाकायची. कच्चं खाणाऱ्याला तिची गरज इतरांपेक्षा जास्तच.

सेफ्टी पिन

बीट, गाजर, कोबी, आंब्याचे दोरे दातांत अडकतात. मग बांगडीतली नाहीतर मंगळसूत्राची सेफ्टी पिन निघते. हे मी आठवड्याला एकदा तरी पाहते. पिनेने हिरडी टोचते, फट रुंदावते, आणि उद्या त्याच फटीत दुप्पट अडकतं. फ्लॉस, म्हणजे फटीत फिरवायचा बारीक दोरा, वापरा; फट मोठी असेल तर बारीक गोल ब्रश मिळतो तो वापरा. रोज एकाच जागी अडकत असेल तर तिथे कीड किंवा फुटकं फिलिंग आहे असं समजून दाखवा.

न भिजवलेली खारीक, दाताने सोललेला ऊस, सुक्या खोबऱ्याचा कडक तुकडा: यांनी भरलेल्या दाढेचा कोपरा तुटतो. रूट कॅनल करून कॅप न घातलेली दाढ असेल तर हे पदार्थ भिजवून किंवा किसूनच खा.

काही बिघडलंच असेल तर

गार किंवा आंबट लागल्यावर क्षणभर कळ येऊन थांबते, तेव्हा बहुतेक वेळा झीज असते. पोटॅशियम नायट्रेटची संवेदनशील दातांची पेस्ट दिवसातून दोनदा वापरा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. कळ मिनिटभर रेंगाळते, किंवा रात्री दाढ ठणकून झोपमोड होते, तेव्हा नस दुखावली आहे. तेव्हा पेस्टच्या भरवशावर थांबायचं नाही.

झीज वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला असेल तर लिंबाला दोष देण्याआधी पित्ताचा विचार करा. पोटातलं आम्ल झोपेत वर येतं ते तिथेच लागतं. अशा वेळी पोटाच्या डॉक्टरांकडेही जावं लागतं.

जीभ लाल, गुळगुळीत, चरचरणारी, आणि तोंड सारखं येतंय? दूध-दहीही सोडलं असेल तर ब जीवनसत्त्वांतलं बी-१२ तपासून घ्या. भाज्या-फळांतून ते मिळत नाही, गोळी घ्यावी लागते. दही चालत असेल त्यांनी लिंबाऐवजी दह्यातली कोशिंबीर करावी. दही आंबट असलं तरी त्यातल्या कॅल्शियममुळे इनॅमलची झीज करत नाही. दही न खाणाऱ्यांनी जेवणाचा शेवट फळाने न करता ओल्या खोबऱ्याने किंवा भिजवलेल्या बदामाने करावा, आणि साखरेचा लेप नसलेली बडीशेप चावावी.

नणंदेच्या पुढच्या दातांना मी कडांवर कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, थर दिला, दाढांना फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. ती अजून कच्चंच खाते. गाडीत आता साधं पाणी असतं. जूनमध्ये परत तपासलं तेव्हा खाचा वाढलेल्या नव्हत्या, आणि पेरू ती दाढेने खाते, फोडी करून.

तुमचे दात घरीच एकदा पाहा. आरशासमोर मोबाइलचा दिवा लावून: पुढच्या कडा काचेसारख्या दिसतात का, दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खड्डे आहेत का, जुनं फिलिंग वर आलंय का. फोटो काढून तारीख घालून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढा. दिसलं काही, तर जवळच्या दंतवैद्याला गाठा. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आहे, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना एक कागद न्या: आठवडाभर काय खाल्लं, किती वाजता, आणि ब्रश केव्हा केला. मला नणंदेच्या दातांपेक्षा तिच्या वहीने जास्त सांगितलं.