अग्निशमन दलासाठी पाण्याचा नकाशा तयार करताना या चुका टाळा

पहिला बंब आगीपाशी पोहोचतो तेव्हा त्याच्या टाकीतील पाणी मिनिटांच्या हिशेबात मोजायचे असते. टाकी दोन हजार लिटरची असेल आणि एका नोझलमधून मिनिटाला पाचशे लिटर पाणी जात असेल, तर चार मिनिटांत टाकी रिकामी होते. त्या चार मिनिटांत पुढचे पाणी कुठून घ्यायचे हे ठरावे, यासाठी जवळचे जलस्रोत दाखवणारे अ‍ॅप हवे असते. असे अ‍ॅप बनवणे सोपे वाटते, कारण तयार नकाशावर हायड्रंटची (बंबाला पाणी घेता यावे म्हणून जलवाहिनीवर बसवलेल्या तोंडांची) यादी चढवली की एका संध्याकाळीत निळे ठिपके दिसू लागतात आणि काम झाल्याचे समाधान मिळते. अशा अ‍ॅपमधील माहिती तपासण्याचे काम माझ्याकडे येते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच चुका समोर येतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘जवळचा’ हायड्रंट सरळ रेषेतील अंतरावरून ठरवणे. दोन बिंदूंमधील अंतराचे सूत्र चार ओळींत लिहिता येते, म्हणून नवशिका तेच वापरतो आणि पुढे जातो. एका गोदामावरील सरावात अशा अ‍ॅपने ९० मीटरवरचा हायड्रंट दाखवला. जवानांनी त्या दिशेने होज (पाणी नेणारी लवचिक नळी) अंथरत नेला आणि ते गोदामाच्या मागच्या भिंतीशी अडले. भिंतीपलीकडे खोल चरातून रेल्वेमार्ग जात होता, हायड्रंट त्याच्याही पलीकडे होता आणि रस्त्याने तिथे पोहोचायला एक किलोमीटरहून अधिक वळसा पडत होता. पुढच्या फाटकासमोर, त्याच रस्त्यावर सुमारे दोनशे मीटरवर दुसरा चालू हायड्रंट होता, परंतु अ‍ॅप केवळ एकच स्रोत दाखवत असल्यामुळे तो पडद्यावर आलाच नाही. तो एका जुन्या चालकाला तोंडपाठ होता, म्हणून पाणी मिळाले. नंतर अ‍ॅप बनवणाऱ्याला विचारले, तेव्हा त्याचे उत्तर होते, ‘अंतर तर बरोबरच आहे.’ अंतर बरोबर होतेच. ते पक्ष्यासाठी मोजलेले होते.

यावर माझी सवय अशी आहे की मी रस्ता व पायवाटांवरून मोजलेले अंतर मागतो, आणि ते शक्य नसेल तर सरळ रेषेचे अंतर तसे स्पष्ट लिहूनच दाखवायला लावतो. एकच स्रोत दाखवणे मी मान्य करीत नाही. निदान चार-पाच स्रोत यादीत हवेत, आणि प्रत्येकापुढे ते अंतर बंबावरील एकूण होजच्या लांबीत बसते की नाही हे दिसले पाहिजे. रेल्वेमार्ग, कालवा, कुंपण आणि दुभाजक हे अडथळे मी हवाई छायाचित्रावर स्वतः पाहून नोंदवतो. हे कंटाळवाणे काम आहे, आणि ते टाळण्याचा कोणताही आडमार्ग मला आजवर पटलेला नाही. अंतर बरोबर आले तरी चढ विसरता कामा नये, कारण दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब खर्ची पडतो आणि सपाट नकाशावर याचा मागमूसही नसतो. शिवाय त्याच होजमधून दुप्पट प्रवाह न्यायचा झाला, तर घर्षणाने होणारी दाबाची घट जवळपास चौपट होते.

दुसरी चूक मला याहूनही अधिक खटकते, ती म्हणजे पाणी दिसले की ठिपका ठेवणे. विहीर, तलाव, नदी, भूमिगत टाकी, हायड्रंट, सगळ्यांना एकच निळा थेंब. पण विहिरीतून किंवा तलावातून पाणी घेताना रस्त्यावर उभ्या बंबाचा पंप पाणी ओढत नसतो. तो नळीतील हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला सैद्धांतिकदृष्ट्या १०.३ मीटरपर्यंत चढवू शकतो. गळती, घर्षण आणि पाण्याची वाफ होण्याचा धोका लक्षात घेता प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासची उंचीच भरवशाची असते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेले की त्यातूनही मीटरभराहून थोडे अधिक कमी होते. म्हणून जिचे पाणी काठापासून बारा मीटर खाली आहे अशी नीट बांधलेली सुंदर विहीर सक्शनसाठी, म्हणजे असे वरून पाणी घेण्यासाठी, निरुपयोगी आहे, पंप कितीही महाग असला तरी. तिथे पाण्यात सोडायचा पंप किंवा इजेक्टर (दाबाच्या झोताने खालचे पाणी वर ढकलणारे साधन) लागतो. त्यामुळे प्रत्येक उघड्या स्रोताच्या नोंदीत मी चार गोष्टी मागतो: उन्हाळ्याच्या शेवटी असलेली पाण्याची पातळी, नळीच्या टोकाची गाळणी बुडेल इतकी खोली आहे का, गाडी किती जवळ जाऊ शकते, आणि तिथली जमीन भरलेल्या बंबाचे वजन पेलते का. पावसाळ्यात काढलेल्या छायाचित्रावरून केलेल्या तलावांच्या नोंदी मी सरळ परत पाठवतो.

हायड्रंटच्या बाबतीत जोडाचा (होज जिथे बसवतात त्या तोंडाचा) प्रकार हा रकाना ऐच्छिक ठेवणारे लोक पाहिले की मला १९०४ची बाल्टिमोरची आग आठवते. शेजारच्या शहरांतून मदतीला बंब आले, पण त्यांचे होज तिथल्या हायड्रंटला बसेनात, आणि दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. पुढे १९९१मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरील आगीत पुन्हा हाच प्रश्न आला. तिथे हायड्रंटचे तोंड तीन इंची होते आणि बाहेरून आलेल्या दलांचे जोड अडीच इंची होते. मदत बाहेरून येते तेव्हाच अ‍ॅपची गरज सर्वाधिक असते, त्यामुळे हा रकाना भरल्याशिवाय नोंद जतनच होऊ नये असे माझे मत आहे.

रंगांचाही असाच गोंधळ होतो. आग म्हणजे लाल, म्हणून सगळी चिन्हे लाल करण्याची हौस अनेकांना असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या रंगसंकेतात मात्र लाल म्हणजे मिनिटाला ५०० गॅलनपेक्षा कमी प्रवाहाचा, म्हणजे सर्वांत दुबळा हायड्रंट, आणि फिकट निळा म्हणजे १,५०० गॅलन किंवा अधिक. त्या देशातील जवान तुमचा लाल नकाशा पाहून काय समजेल याचा विचार करा.

ब्रिटनमध्ये हायड्रंट बहुधा जमिनीखाली असतो आणि जवळच्या भिंतीवर किंवा खांबावर पिवळी पाटी असते. तिच्यावरचा वरचा आकडा जलवाहिनीचा व्यास सांगतो आणि खालचा आकडा पाटीपासून हायड्रंटचे अंतर. घाईतले स्वयंसेवक पाटीच नोंदवून मोकळे होतात. मग धुरात आणि अंधारात जवान पाटीच्या पायाशी झाकण शोधत बसतात.

आता नेहमीच्या तांत्रिक तक्रारी. सगळे हायड्रंट भलत्याच खंडात किंवा समुद्रात दिसत असतील, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. जिओजेसन या नकाशा-माहितीच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी लिहितात. ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात असेल, तर रिकाम्या रकान्यात शून्य भरले गेले आहे. अंतरे विषुववृत्तापासून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाताना फुगत असतील, तर वेब मर्केटर (ऑनलाइन नकाशांत वापरली जाणारी, पृथ्वी सपाट करून दाखवण्याची पद्धत) नकाशावर थेट मोजमाप केले आहे. ६० अंश अक्षांशावर ते दुप्पट येते. दशांशानंतर तीनच अंक ठेवले असतील तर शंभर मीटरपर्यंतची चूक होऊ शकते, पाच तरी ठेवा. फोनचे जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे होते, तेव्हा झाकणापाशी थोडे थांबून मगच नोंद करा. चालत्या गाडीतून केलेल्या नोंदी मी ग्राह्य धरत नाही.

पाणीपुरवठा विभागाची यादी आणि स्वयंसेवकांनी बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची माहिती एकत्र ओतली की एकाच हायड्रंटचे दोन ठिपके होतात, आणि अधिकाऱ्याला वाटते की दोन स्रोत आहेत. ते खरोखर दोन असले तरी एकाच वाहिनीवर असतील, तर दुसरा उघडताच पहिल्याचा प्रवाह घटतो. म्हणून वाहिनीची ओळख नोंदीत हवी. प्रवाह माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा; शून्य लिहू नका.

नेटवर्कशिवाय अ‍ॅप चालते का, हे फोन विमान-मोडमध्ये टाकून, अ‍ॅप पूर्ण बंद करून, पुन्हा उघडून तपासा. कार्यालयात बसून केलेली चाचणी मी चाचणी मानत नाही, कारण तिथे नकाशा आधीच साठवलेला असतो. हातमोजे घालून बटणे दाबता येतात का, हेही त्याच वेळी पाहा.

बंद पडलेला हायड्रंट यादीतून पुसून टाकू नका. त्याच्यापुढे ‘बंद’ असे लिहा आणि तपासणीची तारीख टाका, कारण पुसलेला हायड्रंट पुढच्या महिन्यात कोणीतरी उत्साही स्वयंसेवक रस्त्यावर पाहतो आणि ‘नवीन’ म्हणून पुन्हा चढवतो.