वडीलधाऱ्यांसाठी बाथरूम सुरक्षित कसं करावं

माझ्या आत्याच्या बाथरूमच्या चौकटीवर, साधारण कमरेच्या उंचीला, तळहाताएवढा एक काळपट डाग होता. कितीदा पुसला तरी पुन्हा उमटायचा. एकदा सहज तिला आत जाताना पाहिलं आणि उलगडा झाला. उजवा पाय आत टाकायच्या आधी ती दर वेळी तिथेच हात टेकवत होती. आधार नेमका कुठे हवाय हे त्या चौकटीवर कित्येक दिवस दिसत होतं, आमच्यापैकी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीच्या पुढची माणसं सर्वांत जास्त असतात. ओली फरशी, घाई आणि अपुरा उजेड ही पडण्याची नेहमीची कारणं बाथरूममध्ये एकाच वेळी हजर असतात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काही करायचं मनात असेल, तर सुरुवात इथून करावी. बहुतेक काम एका सुट्टीच्या दिवसात होतं.

आधी नुसतं बघा

भिंतीवर आधाराचा दांडा बसवायला ड्रिल मशीन हातात घ्यायच्या आधी ज्यांच्यासाठी हे करायचं, त्यांना त्यांच्या नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या चपलांत, कोरड्या बाथरूममध्ये सगळं करून दाखवायला सांगा. आत येणं, कमोडवर बसणं, उठणं, आंघोळीच्या जागी जाणं, वळणं, बाहेर येणं. मध्ये बोलू नका. हात कुठे जातो तेवढंच बघा. नळावर जातो का? वॉश बेसिनच्या कडेवर? टॉवेलच्या दांडीवर? टॉवेलची दांडी टॉवेलाचं वजन पेलायला बसवलेली असते. तोल गेलेल्या माणसाचा भार आला की ती स्क्रूसकट हातात येते. हात जिथे जिथे गेला, तिथे मास्किंग टेपचा एकेक तुकडा चिकटवा. भिंतीवर, चौकटीवर जुने डाग असतील तर तिथेही.

या टप्प्यावर बहुतेक घरांत नकार येतो. आत्याही म्हणाली होती, "मला कशाला हवाय दांडा? मी काय आजारी आहे?" यावर वाद घालू नये. मी म्हणालो, "आत्या, तू रोज हात ठेवतेस तिथे धरायला नीट काहीतरी असावं, एवढंच." मग जागा तिनेच दाखवली. स्वतः निवडलेल्या जागेचा दांडा माणूस धरतो. मी एका नातेवाइकांकडे न विचारता, पुस्तकी उंचीला दांडा बसवून आलो होतो. त्यांनी तो कधीच धरला नाही, हात जुन्याच जागी जात राहिला. ते काम मला पुन्हा करावं लागलं.

दांडा कसा निवडावा

आधाराचा दांडा घ्यायचा तो भार किती पेलतो हे त्यावर लिहिलेलाच घ्यावा. अमेरिकेतल्या सुलभतेच्या नियमांत 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो भार सहन व्हायला हवा असं म्हटलं आहे, तेवढं माप डोळ्यांसमोर ठेवावं. जाडी 32 ते 38 मिलिमीटर असावी. याहून जाड दांड्याला बोटांचा विळखा पडत नाही, बारीक असला तर ओल्या हातात फिरतो. संधिवाताने बोटं आखडली असतील, तर दोन-तीन जाडीचे दांडे प्रत्यक्ष हातात धरायला देऊन मगच ठरवा.

दांडा आणि भिंत यांत साधारण 38 मिलिमीटर जागा हवी. बोटं आत जातील एवढी ती असते, पण घसरताना अख्खा हात कोपरापर्यंत मागे जाऊन अडकणार नाही. हात अडकला आणि शरीर खाली गेलं, तर आधारासाठी लावलेल्या दांड्यानेच हाड मोडू शकतं.

पृष्ठभाग थोडा खरखरीत असावा आणि रंग भिंतीपेक्षा वेगळा. पांढऱ्या टाइलवर पांढरा दांडा छान दिसतो, पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तो दिसतच नाही. आणि रबरी चकतीने भिंतीला चिकटणारे दांडे घेऊ नयेत, हे माझं ठाम मत आहे. त्यांची पकड कधी सुटेल याची खात्री नसते, आणि ती सुटते नेमका भार पडल्यावर.

जागा आणि उंची

आडव्या दांड्यासाठी फरशीपासून 84 ते 91 सेंटिमीटर ही उंची सर्वसाधारणपणे धरतात. ही झाली सुरुवात. शेवटचं माप माणसाच्या हाताचं. त्यांना सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगटाच्या आसपासच्या उंचीला दांडा आला की कोपर किंचित वाकतं आणि खाली दाबून भार देता येतो. बुटक्या माणसाला 91 सेंटिमीटरवरचा दांडा फक्त ओढता येतो, त्यावर रेटा देता येत नाही.

दाराशी उभा दांडा चांगला, कारण आत शिरताना आणि पाय उचलताना शरीर वर-खाली होतं. कमोडपाशी मात्र आडवा, आणि तो बैठकीच्या थोडा पुढपर्यंत यायला हवा. खुर्चीतून उठताना आपण आधी पुढे झुकतो, नाक गुडघ्यांच्या पुढे जातं आणि मग पाय सरळ होतात. दांडा पाठीमागे राहिला तर त्या क्षणी हाताला काहीच मिळत नाही. तिरका दांडा दिसायला सोयीचा वाटतो, पण ओला हात त्यावरून खाली घसरतो. एक बाजू अधू असेल तर दांडा बऱ्या हाताच्या बाजूला. हे इतकं साधं आहे, तरी रिकामी भिंत दिसली की तिथेच ठोकायचा मोह होतो.

भोक पाडताना

नळ, गिझर, स्विच यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, पाइप आणि वायर बहुधा त्याच रेषांत गेलेल्या असतात. घराचा नकाशा किंवा काम केलेला प्लंबर सापडला तर आधी विचारा. काम करताना बाथरूमच्या लाइनचा वीजपुरवठा बंद ठेवा आणि मशीन दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर चालवा. भिंत कोरडी हवी.

टाइलवर खुणेच्या जागी मास्किंग टेपची फुली चिकटवा, म्हणजे बिट, मशीनचं भोक पाडणारं टोक, घसरत नाही. टाइलच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत राहा, कडेला टाइल चटकन तडकते. मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरण्याची सोय, बंद ठेवा. टाइलसाठीचं टोकदार बिट लावून अगदी कमी वेगाने, जोर न लावता सुरुवात करा. पहिली मिनिटभर काहीच होत नाहीसं वाटतं, नुसती पांढरी पूड पडते. तेव्हाच अधीर होऊन जोर लावला की टाइल फुटते. थांबत थांबत चालवा, बिट तापलं तर स्पंजने थंड करा. टाइल पार झाल्याचं हाताला कळतं, आवाजही बदलतो. मग भिंतीचं बिट लावा, हॅमर चालू करा आणि टाइल व गिलावा सोडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान 5 सेंटिमीटर आत जा.

पूड लाल किंवा राखाडी आली तर ठीक. बिट एकदम पोकळीत गेलं तर थांबा. पोकळ विटेत किंवा बोर्डाच्या भिंतीत स्क्रू धरून ठेवणारा साधा प्लॅस्टिकचा प्लग टिकत नाही. तिथे पोकळीसाठीचे वेगळे बोल्ट लागतात किंवा मागे लाकडी आधार द्यावा लागतो. ते जमणार नसेल, तर जाणकार मिस्त्रीला बोलवावं.

भोकातली पूड फुंकून काढा, थोडं सिलिकॉन आत सोडा, प्लग हातोडीने टाइलच्या पातळीच्या किंचित आत जाईपर्यंत ठोका. टाइलच्या जाडीतच प्लग फुगला तर ती तडकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधे गंजतात, आणि तो गंज दांड्याच्या टोकाच्या टोपणाखाली झाकला जातो. सगळे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

सिलिकॉन सुकायला एक दिवस द्या. मग स्वतः दोन्ही हातांनी दांडा धरून मागे झुका, पूर्ण वजन टाका, हिसका द्या, खाली दाबा. जराही हलला तर काढून पुन्हा बसवा. ही परीक्षा तुमच्या शरीराने द्यायची. ती होईपर्यंत त्यांना हात लावू देऊ नका.

बाकीचं

दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडलं तर दार ढकलता येत नाही. दार बदलणं शक्य नसेल, तर निदान आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येणारं लॅच लावा.

सुट्टी पायपुसणी उचला. ठेवायचीच तर खाली रबर असलेली, कडा न वळणारी. साबणाचा थर रोज घासून निघाला पाहिजे, फरशी पाण्यापेक्षा त्या थराने जास्त निसरडी होते. घसरू न देणाऱ्या पट्ट्या चिकटवणार असाल तर फरशी आधी पूर्ण कोरडी करा.

आंघोळीला बसण्यासाठी चार पायांचं, रबरी बुटांचं, पाठ असलेलं आसन द्या. बसल्यावर तळवे पूर्ण टेकायला हवेत. साबण, टॉवेल बसल्या जागी हाताला येतील असे ठेवा. गरम पाण्याचं तापमान 49 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि म्हाताऱ्या कातडीला चटका उशिरा कळतो.

उजेडाचं थोडं सविस्तर सांगतो. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. आपल्याला पुरेसं वाटतं ते त्यांना अंधुक असतं. पलंगापासून कमोडपर्यंतच्या वाटेवर, गुडघ्याच्या खाली, माणूस चाललं की आपोआप लागणारे छोटे दिवे लावा. डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा नको, त्याने उलट काही क्षण काहीच दिसत नाही.

रात्री झोपेतून उठल्याबरोबर चालू लागलं की रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. उठताना वारंवार भोवळ येत असेल तर डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळेही असं होतं आणि डॉक्टर गोळ्यांची मात्रा बदलू शकतात. गोळी आपण होऊन बंद करू नका.

काम झालं की लगेच निघू नका. त्यांच्यासोबत सगळा क्रम दोन-तीनदा करून बघा, आधी कोरड्यात, मग ओल्यात, चष्मा लावून आणि न लावता. आत्याचा हात पहिल्या दिवशी पुन्हा चौकटीवरच गेला. मी काही बोललो नाही, तिनेच तो उचलून दांड्यावर नेला. दर तीन महिन्यांनी स्क्रू आवळून बघायचं माझ्याकडे आहे. त्या वेळी चौकट आणि भिंतीही बघून घेतो. गेल्या खेपेला बेसिनशेजारी एक नवा, फिकट डाग दिसला, म्हणून पुढच्या रविवारी तिथे दुसरा दांडा लावायचा आहे.