तिसरा रकाना : बेळगावहून ग्रुप घेऊन परदेशात डायव्हिंगला जाताना

माझ्या एक्सेलमध्ये पहिला रकाना नावाचा, दुसरा पासपोर्टचा. तिसऱ्याला मथळा दिलाय, ‘पाण्यात शेवटचं कधी?’ डायव्हिंगला जायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, “खर्च किती येतो ओ?” मी सांगते, तिसरा रकाना भरा, मग बोलूया. ही अक्कल मला पहिल्याच परदेश ट्रिपला आली, आणि फुकटात आली नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या एका कारखान्यात परचेसला आहे. कोटेशनं मागवायची, ताडून बघायची, घासाघीस करायची हे रोजचंच. त्यामुळे आमच्या टोळक्याचं सगळं बुकिंग आपसूक माझ्या गळ्यात पडलं. आतापर्यंत एकदा बाली, दोनदा मालदीव झालंय. हल्ली निपाणी-चिकोडीकडूनही फोन येतात, “ताई, आमचे आठ जण आहेत, कसं करू?” प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

आमच्याकडची बहुतेक मंडळी विहिरीत पोहायला शिकलेली. मीही, खानापूर तालुक्यात मामाच्या मळ्यात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. विहिरीत इज्जत दोनच गोष्टींवर ठरायची : मुटका मारल्यावर पाणी किती उडतं आणि बुडी मारल्यावर दम किती वेळ निघतो. या दमाचा अभिमान घेऊनच माणूस स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून बुडायला येतो, आणि तिथं पहिला नियम असतो की श्वास कधीही रोखायचा नाही. कारण सरळ आहे. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १० मीटरवर सिलिंडरमधून छातीभर घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर पृष्ठभागावर तीच हवा दुप्पट जागा मागते. ती जागा फुप्फुसात नसते. आमचे धाकटे भावजी गावातले पट्टीचे बुडीबहाद्दर. तारकर्लीला पूलमध्ये इन्स्ट्रक्टर त्यांच्या मास्कसमोर दोन बोटं हलवून सारखा विचारत होता, बुडबुडे कुठायत? वर आल्यावर भावजी म्हणाले, “मी हवा वाचवत होतो की!” ती सवय मोडायला त्यांना दोन दिवस लागले. पोहता न येणारी आमची एक मैत्रीण त्यांच्या आधी शिकली. फक्त कोर्सची २०० मीटर पोहण्याची आणि १० मिनिटं तरंगण्याची अट पुरी करायला तिला तीन महिने पोहण्याचा क्लास लावावा लागला.

तर कोर्स आधी इथंच करा. मालवणात टूरिस्टांना हात धरून फिरवून आणतात तो कोर्स नव्हे. ओपन वॉटर सर्टिफिकेट म्हणजे थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रातले चार डाइव्ह. तीन-चार दिवस जातात आणि १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. पुढचं ॲडव्हान्स्ड केलं की ३० मीटर. तारकर्लीला एमटीडीसीची (महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची) प्रशिक्षण संस्था आहे, खासगीवालेही आहेत. कारवारकडून जाणाऱ्यांना मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आहे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. मालवणच्या पाण्यात कधी कधी पुढचं चार हात दिसत नाही, त्यावर नाराज होऊ नका. गढूळ पाण्यात शिकलेल्याला मालदीवचं निळं पाणी म्हणजे सुट्टीच वाटते. उलट्या क्रमानं गेलेल्याची मात्र पंचाईत होते.

आता एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगावी लागत नाही, आपल्याला लागते. कोर्सचा शेवटचा डाइव्ह संपला, आम्ही ओले टॉवेल गाडीत कोंबायला लागलो. इन्स्ट्रक्टरनं विचारलं, घर कुठं? म्हटलं बेळगाव, अंबोलीनं चढलो की रात्रीच्या जेवणाला पोचतो. तो म्हणाला, “मग आज नाही जायचं.” खोल पाण्यात दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो. घाईनं बाहेरचा दाब कमी केला की त्याचे बुडबुडे होतात. हे मला लगेच पटलं, कारण आमच्या पंपांत तेच होतं : तेलात हवा विरघळलेली असते, सक्शनकडे दाब पडला की बुडबुडे धरतात आणि पंप कडकडायला लागतो. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून विमानात बसायच्या आधी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि रोज डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायचं, असा सर्वसाधारण दंडक आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. घाट चढणं म्हणजे अर्धं विमानच. त्या रात्री आम्ही मालवणातच राहिलो, बांगडा खाल्ला. गोव्यात डाइव्ह करून चोर्ल्यानं परतणाऱ्यांनाही हाच हिशेब.

हाच घाट परदेशातही आडवा येतो. बालीत तुलांबेनहून दक्षिणेला परतताना ड्रायव्हर हौसेनं किंतामणीवरून नेतो. ज्वालामुखी बघायला मिळतो ना. तो रस्ता १५०० मीटरच्या आसपास चढतो. आम्ही ड्रायव्हरला किनाऱ्याकिनाऱ्यानंच न्यायला लावलं. बातूर डोंगरावरचा सूर्योदय बघायचा असेल तर तो डायव्हिंगच्या आधी उरका.

आता ती महागात पडलेली अक्कल. १५ ऑगस्टची सुट्टी जोडून आम्ही नऊ जण बालीला गेलो. पहिले दोन दिवस तुलांबेनला, तिथं सगळं छान. लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं जायबंदी झालं, ओढत आणून या किनाऱ्याला लावलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला आणि ते घसरून पाण्यात गेलं. किनाऱ्यापासून चालत-पोहत गाठता येतं, बोट लागत नाही, त्यामुळे नवख्यांना उत्तम. किनारा मात्र गोट्यांचा, बूट हवेतच. तिथल्या बायका डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून सिलिंडर वाहून नेतात. आमच्या घागरीपेक्षा जड ओझं, आणि पाय गोट्यांवरून घसरत नाहीत. आम्ही रिकाम्या हातांनी मागे धडपडत होतो.

तिसऱ्या दिवशी बालीजवळचं नुसा पेनिडा बेट. मंटा रे (पंखांसारख्या कल्ल्यांचे मोठे पसरट मासे) बघायचे, सगळ्यांची तीच फर्माईश. मी परचेसच्या सवयीनं सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला काम दिलं होतं. आठ जणांना एक गाइड. पेनिडाला ऑगस्टमध्ये पाणी गार असतं, आणि प्रवाह कधी कुठं वळेल सांगता येत नाही. आमच्यातल्या दोघांनी कोर्सनंतर दोन वर्षांत पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि मी ते विचारलंच नव्हतं. लाटांनी तिघं बोटीवरच ओकून रिकामे झाले. पाण्यात गेल्यावर पंधराव्या मिनिटाला मी मागे वळून बोटांनी मोजलं, एक कमी. पुन्हा मोजलं. गाइड पुढं मंटा दाखवायच्या नादात. माझ्या अंगावर नऊ-दहा फुटांचा मासा पंख हलवत गेला म्हणे. फोटोत आहे, मला आठवत नाही. कमी झालेला गडी शिकवल्याप्रमाणे मिनिटभर शोधून शांतपणे वर गेला होता आणि बोटीनं त्याला उचललंही होतं. त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरले.

तेव्हापासून कोटेशनमध्ये किमतीच्या आधी मी चार गोष्टी मागते : गाइडमागे माणसं किती (चारच्या वर नको), प्रत्येकाला वेगळा डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचं खोली-वेळ मोजणारं यंत्र) आहे का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि पहिला डाइव्ह सोप्या जागी, सरावाचा देणार का. यातल्या एकाचंही उत्तर ‘डोंट वरी’ असं आलं तर ते कोटेशन बाजूला. सहा महिने-वर्षभर पाण्यात न गेलेल्याला निघण्याआधी तारकर्लीला रिफ्रेशर सक्तीचा. चेष्टा करतात, करू देत.

ग्रुपमध्ये भांडणं लागतात ती हवेवरून. सिलिंडर २०० बार दाबाला भरलेलं असतं (आमच्या कारखान्यात हा आकडा रोज गेजवर दिसतो, म्हणून मला आपलासा वाटतो). ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं, वाटेत ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, नायट्रोजन निघायला. २० मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते. लिबर्टीवर अठ्ठाविसाव्या मिनिटाला भावजींचा काटा ५० वर, माझा ११० वर. एकत्र असलात की ज्याची हवा पहिल्यांदा संपते त्याच्यामागून सगळे वर. तिसऱ्या वेळी आमच्या जाऊबाई फणकारल्याच, “मी काय यांच्या नाकानं श्वास घेते होय?” यावर उपाय म्हणजे नवरा-बायको, मित्र-मित्र अशा जोड्या न लावता हवा सारखी लागणाऱ्यांच्या जोड्या लावायच्या. बघायला विचित्र दिसतं, पण पाण्याखाली तसंही कुणाला बोलता येत नाही.

जागा कधी निवडायची हे आपल्या सणांवर सोडू नका. गणपतीत आपल्याकडचं कोण घर सोडणार? उरते मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी. मेमध्ये मालदीवला पावसाळा लागतो, बालीत मात्र कोरडा मोसम असतो. थायलंडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद, त्यामुळे दिवाळी उशिरा असली तर जमतं. मालदीव खरं रंगतं डिसेंबर ते एप्रिल. त्यासाठी रजा काढावी लागते. तिथं लोकवस्तीच्या बेटांवरच्या गेस्टहाउसमध्ये राहिलात तर परवडतं, पण दारू मिळत नाही, बाहेरून नेताही येत नाही. हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर विमानतळावर तोंडं उतरतात. रात्री पोचणार असाल तर विमानतळाजवळच्या हुलहुमालेत मुक्काम धरा. मालदीवच्या बेटांमधल्या चॅनेलमधले प्रवाह जोराचे असतात, ३० मीटरखाली जायला कायद्यानंच मनाई आहे. तिथल्या हनिफारू बे या खाडीत मंटांचे थवे येतात, पण तिथं स्कूबा चालत नाही, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीनं श्वास घेत वरवर पोहणं. आमच्यासाठी तर ते सोयीचंच, शेवटचा बिनडाइव्हचा दिवस त्यात जातो.

प्रवाळाबद्दल एक. जाहिरातीतले रंग बघून जाऊ नका. मालदीवच्या रीफला (प्रवाळाच्या रांगांना) १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून मोठा फटका बसला, आणि २०२४ मध्ये तर जगभरच्या प्रवाळाचं चौथं ब्लीचिंग (तापून पांढरं पडणं) जाहीर झालं. काही ठिकाणी पांढरी हाडंच दिसतात. जे उरलंय त्याला फिन (पायातले रबरी पंख) लागू देऊ नका. त्यासाठी कमरेला बांधायचं शिशाचं वजन बेताचं आणि श्वास संथ हवा. छाती भरली की वर, सोडली की खाली, सगळा तोल तिथंच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. सीमाभागात एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, कुठं आडनाव आधी तर कुठं फक्त इनिशियल. तिकीट पासपोर्टवरच्या स्पेलिंगनंच काढा. मी पासपोर्टचा फोटो मागवते, नाव टाइप करून पाठवलेलं चालवून घेत नाही. मेडिकल फॉर्मवर दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन अशा एकाही गोष्टीला ‘होय’ असेल तर डॉक्टरची सही इथूनच घेऊन निघा. पंचेचाळिशीपुढच्यांना सिगारेट, कोलेस्टेरॉलचंही विचारतात. सगळीकडे ‘नाही’ ठोकून देणारे असतात, त्यांना मी नेत नाही. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. भावजींनी बालीत गोळी खाऊन कान दामटला, पुढचे दोन दिवस किनाऱ्यावर बसले. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा बहुधा नसतंच किंवा खोलीची अट असते. पॉलिसी वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. डायव्हरांसाठीचा वेगळा विमा मिळतो, त्यात प्रेशर चेंबरचा (नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर उपचाराला ठेवतात त्या खोलीचा) खर्च येतो का ते बघा. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्या आणि रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) केबिन बॅगेत.

पैसे कमिटमेंटच्या दिवशी घ्यायचे. एकदा एकजण निघायच्या बारा दिवस आधी गळाला आणि त्याचा वाटा आम्ही आठ जणांनी भरला. त्याच्याशी अजून नीट बोलणं नाही. आता ग्रुपवर लिहूनच टाकते, रद्द केलंत तर बदली माणूस तुम्ही द्यायचा, आणि बदली माणसाचाही तिसरा रकाना भरलेला हवा.

खाण्याचा प्रश्न आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणीनं सोडवलाय. आमच्यात एक जैन कुटुंब आहे, त्यांच्यासाठी बिनलसणाची चटणी वेगळी. कुंदा मात्र बोटवाल्यांसाठी. मालदीवच्या कॅप्टननं एक वडी खाल्ली, अख्खा डबा मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला नर्स शार्क असलेल्या जागी न मागता नेलं.

पुढची ट्रिप फेब्रुवारीत. शीट काल उघडली तर नवीन नाव आलंय, जाऊबाईंचे बंधू. पासपोर्ट आहे, पैसे भरलेत. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय : ‘मामांची विहीर, गेल्या उन्हाळ्यात.’ नोव्हेंबरात तारकर्लीचं बुकिंग करून ठेवलंय त्यांचं, मुक्कामासकट.