'काकेरु' डोक्यात बसलं ते 'लावणे'मुळे

जपानी शिकताना 'काकेरु' या क्रियापदाने मला रडवलं. शब्दकोशात अर्थांची ही भली मोठी यादी! दोन आठवडे घोकंपट्टी केली, परीक्षेत सगळं आडवं.

मग एकदा वाक्यं मराठीत मांडून बघितली. 'मेगाने ओ काकेरु' म्हणजे चष्मा लावणे. 'देन्वा ओ काकेरु', फोन लावणे. 'कागि ओ काकेरु', कुलूप लावणे. 'जिकान ओ काकेरु', वेळ लावणे. अरेच्चा, हे तर आपलं 'लावणे'! इंग्रजीतून शिकत बसलो म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद आठवावं लागत होतं.

अर्थात आंधळेपणाने लावलं की फसतं. दिवा लावायला 'त्सुकेरु', मलम लावायला 'नुरु'. उलट भातावर सॉस घालणं मात्र 'काकेरु'च, आणि लोकांना त्रास देणंसुद्धा ('मेइवाकु ओ काकेरु').

आणखी एक खोडी: 'लिहिता येणे' हेही 'काकेरु'च! लिपीत लिहिलं असेल तर कांजीवरून (जपानीत वापरतात त्या चिनी चिन्हांवरून) कळतं, कारण तिथे 'लिहिणे'चं चिन्ह असतं. बोलण्यात मी आधीचा शब्द पकडतो. चष्मा कोण लिहिणार?

आता वहीत सुटे अर्थ लिहीतच नाही, नामासकट अख्खी जोडी लिहितो.